बर्लिनचं लुगडं

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बर्लिनला जाईपर्यंत माझे सासरे माझ्याशी एकही शब्द थेट बोलले नव्हते. भांडण नव्हतं, राग नव्हता. रीतच तशी होती. त्यांना पाणी हवं असलं की ते माझ्या सासूबाईंना म्हणायचे, "तिले सांग, पानी दे म्हना." मी तिथंच, हाताच्या अंतरावर उभी असायची. पाणी आणून त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवायची, पदर सावरायची आणि सासूबाईंकडे बघून म्हणायची, "ठेवलं म्हणावं." मग ते प्यायचे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामाजी. पण मामाजी अशी हाक मी तोवर कधी मारलीच नव्हती. त्यांच्याविषयी दुसऱ्याशी बोलतानाच तो शब्द वापरायची. आता कुणाला सांगितलं तर हसतात. तेव्हा आमच्या भंडाऱ्यातल्या कोष्ट्यांच्या गल्लीत घरोघरी हेच होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

आमच्या घरी कोशाच्या रेशमाचा माग. मामाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघं मिळून करवतकाठी विणायचे. करवतीच्या दात्यांसारखा काठ असतो म्हणून करवतकाठी. तो काठ एकट्याला जमत नाही. आडवा धागा वाहून नेणारे धोटे तीन, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा तिसरा. शेजारी दुसरा माणूस बसून पलीकडच्या काठाचा धोटा टाकतो आणि प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवतो. बायका ताणा करायच्या, धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर धागा भरायच्या. मागावर बाई बसत नसे. माझे यजमान तर मागाच्या वाटेलाच गेले नाहीत, ते एसटीत कंडक्टर झाले.

तर बर्लिनच्या एका वस्तुसंग्रहालयानं निरनिराळ्या देशांचे माग मांडायचं ठरवलं आणि विणकर बोलावले. दिल्लीच्या कुणाकडून कुणाकडे होत ते बोलावणं आमच्या घरी पोचलं. दोन माणसं, सव्वा महिना, राहणं-खाणं त्यांचं, आणि विणलेलं कापड विणकराचंच. मामाजींचे भाऊ म्हणाले, "मी विमानात बसत नाई. मले मराचं असन तं मी वैनगंगेत मरीन." यजमानांना रजा नाही. मग घरात बसून ठरलं की मी जावं. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकलेली, पाट्या वाचू शकणारी, आणि माहेरही कोष्ट्याचंच, त्यामुळं कांड्या भरण्यात हात बसलेला. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हटलं असतं, ही गोष्ट वेगळी.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा तिरोड्याचं माझं माहेर कुठल्या जिल्ह्यात लिहायचं यावर त्याचा बराच वेळ गेला. मी जन्मले तेव्हा ते भंडाऱ्यात होतं, आता गोंदियात. "तुमी तिथंच, गाव तिथंच, जिल्हा तेवढा पयाला," असं म्हणून तो चहा पिऊन गेला.

आत्याबाईंनी ताणा केला. ताणा म्हणजे मागावर लांबीत लावायचे धागे. "चिंध्या दाखवाले एवढा लांब ताना कायले?" असं त्यांनी विचारलं. मामाजी म्हणाले, "तिथं तुटन, जास्ती असलेला बरा." आत्याबाईंनी काम चोख केलं, तांदळाच्या पेजेची खळ लावली, काठाला लाल सूत घेतलं, सगळं फणीत ओवून, गुंडाळून, जुन्या चादरीत बांधून दिलं. माझ्या पेटीत पाच पायल्या तांदूळ, मोहरी, हळद आणि चटणी घातली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यायच्या खान्याकडं पाहजो. ते सोता मांगत नाईत."

विमानतळावर आम्हाला घ्यायला प्रदर्शनाच्या बाई आल्या होत्या. उंच, पांढरे केस, डोक्यावर लोकरीची टोपी. आम्हाला बघून त्या एवढ्या मनापासून हसल्या की माझी भीती अर्धी उतरली. त्यांनी आमच्यासाठी दोन जाड कोट आणि दोन टोप्या आणल्या होत्या. मी टोपी घातली आणि टोपीवरून पदर घेतला, कारण समोर मामाजी होते. पदर लोकरीवर थांबेना, सारखा घसरे. शेवटी दाराबाहेर पडताना एका हातानं पेटी आणि एका हातानं पदर धरून मी चालत होते. बर्लिन मी पहिल्यांदा पाहिलं ते असं, एका डोळ्यानं. करड्या रंगाचं आभाळ, उघडी झाडं, आणि रस्त्यावर माणसं असून आवाज नाही. थंडी नाकात टोचत होती.

राहायला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खिडकीतून एक नदी दिसायची, दोन्ही बाजूंनी दगडानं बांधलेली. मामाजी खिडकीशी उभे राहून हवेत म्हणाले, "आपली वैनगंगा कारध्याच्या पुलावरून दिसते तिच्या पावपटबी नाई." हवेत म्हणजे कुणालाच नाही. हो म्हणावं की न म्हणावं मला कळेना. घरी असतं तर आत्याबाई म्हणाल्या असत्या, "अवो, ते नदी का नाला?" आणि मी आतून हसले असते. इथं मधे कुणी नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी भात शिजवला. ते बसले आपल्या खोलीत. जेवायला बोलवायचं कसं? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हटलं, "भात झाला म्हणावं." भिंत ऐकून गप्प राहिली. पुन्हा म्हटलं. मामाजींनी खाकरून दाखवलं, म्हणजे ऐकू आलं असावं, पण आले नाहीत. त्यांना बोलावलंय की नुसतं सांगितलंय, ते त्यांनाही कळलं नसणार. भात निवून गेला.

मग मी जे केलं ते आमच्याच गल्लीतली बाई करू जाणे. प्रदर्शनाच्या बाईंनी आम्हाला घरी बोलण्यासाठी फोनचं कार्ड दिलं होतं. मी भंडाऱ्याला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, आत्याबाई धावत शेजारच्या घरी फोनवर आल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, मामाजींना जेवायला बोलवा." त्या म्हणाल्या, "दे त्यायले." मी फोन मामाजींच्या खाटेवर ठेवला आणि मागे सरले. त्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं, "हो," म्हणाले, आणि उठून जेवायला आले. भात फोडणीचा आवडेल का, कढी करू का, अंघोळीला पाणी किती गरम, सगळं पुढचे काही दिवस असंच भंडाऱ्यामार्गे चाललं. आत्याबाईंचा आवाज दर वेळी जास्त करडा होत गेला. "बाप्पा, तुमच्या दोघायच्या मधात मी का तारघर उघडून बसली का?"

कार्ड संपलं. बाईंनी दुसरं आणून दिलं आणि फार कौतुकानं विचारलं, घरची फार आठवण येते का? मी हो म्हटलं. खरं सांगायला माझं इंग्रजी पुरलं नसतं, आणि मराठीत तरी काय सांगणार होते.

संग्रहालयात आमचा माग तयार होता. आमचा माग खड्ड्याचा असतो, जमिनीत खड्डा, त्यात विणणाऱ्याचे पाय, पायांनी खालच्या पावड्या दाबायच्या. तिथं दुसऱ्या मजल्यावर खड्डा कसा खणणार? त्यांनी लाकडाचा उंच ओटा करून त्यात चौकोनी भोक ठेवलं होतं. सुताराचं काम असं की बोट फिरवत राहावं. मामाजी भोकात पाय सोडून बसले. समोरून बघणाऱ्याला वर मामाजींचं तोंड आणि खाली फळ्यांच्या फटीतून त्यांचे पाय. शाळेची मुलं आली की निम्मी वर बघत, निम्मी खाली वाकून पायच बघत. मामाजींनी दुसऱ्या दिवशी आमची ताणा बांधलेली चादर तिथं अडकवून टाकली.

सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मामाजी दुपट्टे विणतील. साधा काठ, एक धोटा, एकटा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी ताणा मागाला लावला, धागे ताणून घेतले, आणि पिशवीतून धोटे काढून ओट्यावर मांडले. एक, त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा.

मी तिसऱ्या धोट्याकडे बघत राहिले. तीन धोटे म्हणजे करवतकाठ. करवतकाठाला माणसं दोन. आणि ताणा उलगडताना त्याची लांबी माझ्या हातांतून गेली होती. दुपट्ट्याची नव्हती ती, नऊवारी लुगड्याची होती.

मामाजी माझ्याकडे न बघता बराच वेळ धागे चाचपत होते. ही गोष्ट फोनवरून आत्याबाईंमार्फत सांगता येण्यासारखी नव्हती. हे त्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं. शेवटी त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, फोनवर सांगू नोको. तुया सासूसाठी आहे."

इतक्या वर्षांत पहिलं वाक्य. माझा पदर घसरला होता आणि मला तो सावरायचंही सुचलं नाही.

कोष्ट्याच्या घरात कोशाचं लुगडं नसतं, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. धागा व्यापाऱ्याचा, कापड व्यापाऱ्याचं. आत्याबाईंनी जन्मभर लुगड्यांचे ताणे केले आणि अंगावर मिलचं सुती लुगडं नेसलं. लग्नातही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "कोष्ट्याच्या बायकोनंच नेसलं तं इकनार कोन?" त्यात कुरकुर नसे, हिशेब सांगितल्यासारखं म्हणायच्या. मला वाटायचं त्यांना हौसच नाही. मामाजींना तसं वाटत नव्हतं, एवढंच.

बर्लिनमध्ये विणलेलं कापड मात्र विणकराचंच होतं, म्हणून त्यांनी असा घाट घातला होता. नऊवारी, करवतकाठी, सव्वा महिन्यात, आणि जोडीला मी, जिनं जन्मात मागावर धोटा टाकला नव्हता. घरी दोघं भाऊ बसले की असं लुगडं महिन्याच्या आत उतरायचं. मामाजींनी घरच्याच चालीनं अंदाज बांधला होता, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. इथं संग्रहालय उघडायचं उशिरा, बंद व्हायचं वेळेवर, सोमवारी कुलूप. आणि बघे आले की थांबून, धागा उचलून, हसून दाखवायचं, त्याचसाठी तर बोलावलेलं.

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले. आमच्यात पाटीभर जागा सोडून. मामाजी अंगाचा धोटा टाकत, माझ्या बाजूच्या काठाचा धोटा मी टाकायचा, धागा अडकवायचा आणि अंगाचा धोटा परत त्यांच्याकडे द्यायचा. मी धोटा कापडावर ठेवायची. पाण्याचा पेला जमिनीवर ठेवते तसा. ते उचलायचे. पुन्हा मी कापडावर ठेवायची. दुपारपर्यंत बोटभर कापड झालं आणि त्यात दाते वेडेवाकडे, म्हाताऱ्याच्या तोंडासारखे. मामाजींनी ते सगळं उसवलं. मग म्हणाले, "बाई, असा धोटा खाली ठेवत राहिली तं पोळ्यापावतर लुगडं होत नाई. हातात दे."

मी धोटा हातात दिला. काही झालं नाही. छप्पर पडलं नाही.

मामाजी वाईट मास्तर होते. चूक झाली की नुसते "हं" म्हणायचे आणि उसवायचे. मीही काही गरीब गाय नव्हे. चौथ्यांदा उसवलं तेव्हा मी म्हटलं, "मामाजी, सांगा तरी काय चुकलं. हं म्हणून कसं कळणार जी?" हाक निघून गेली तोंडातून. ते गडबडले. मग त्यांनी माझं बोट धरून धाग्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हा ढिल्ला सोडून राहिली तू. ओढ. तोडू नोको, ओढ." त्यानंतर माझे दाते सुधारले. त्यांच्या बाजूसारखे कधीच झाले नाहीत, पण करवत दिसू लागली.

बोलणं सुरू झालं ते मागापुरतं. मग भातापुरतं. मग ते हळूहळू काहीही सांगू लागले. लहानपणी धोटा चोरून तलावात नाव म्हणून सोडला होता ते. आत्याबाई लग्नात किती रडल्या आणि रडता रडता पंगतीत काय काय जेवल्या ते. मी हसून लोळायची बाकी राहिले. ओट्यासमोर उभी असलेली गोरी माणसंही आमच्याबरोबर हसत, कशाला ते न कळता. घरी फोन मात्र चालू ठेवला होता, जेवायला बोलावण्यासाठी. तो एकदम बंद केला असता तर आत्याबाईंना संशय आला असता.

अडचण निराळीच निघाली. धागे तुटायला लागले. खोल्या गरम ठेवण्यासाठी भिंतींना नळ होते, त्यानं हवा कोरडी ठणठणीत. कोशाचा धागा कोरडेपणात चिडतो. घरी खड्ड्याची ओल असते, उन्हाळ्यात आम्ही खड्ड्यात पाणी शिंपडतो. इथं ओट्याखाली पोकळी. मामाजींनी युक्ती केली, तांदळाची रिकामी पिशवी आणि दोन गोणपाटं भिजवून भोकात टाकली. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या बाईंना ओट्याखाली ओल दिसली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला शेजारच्या दालनात नेलं, काचेआड तिथं शेकडो वर्षांपूर्वीची वस्त्रं होती, आणि समजावलं की ओल त्यांना मारून टाकेल. त्यांचंही बरोबर होतं. आम्ही एक कापड विणत होतो, त्या असंख्य कापडं राखत होत्या. त्यांनी जाळीच्या झाकणाची एक परात आणून दिली, त्यात पाणी ठेवायला परवानगी दिली, दालनाचं दार बंद ठेवलं. थोडा फरक पडला. तरी रोज तुटायचंच, आणि प्रत्येक तुटलेल्या धाग्याला मामाजी थुंकी लावून गाठ मारायचे, आणि वेळ जायचा.

जायची तारीख जवळ आली तसा मी अंदाज करू लागले. मामाजी करत नव्हते. ते नुसते विणत होते, बघ्यांकडे बघणंही सोडलं होतं. एका सोमवारी, कुलूप असलेल्या दिवशी, त्यांनी खोलीत चपला घालून तयार होऊन सकाळभर वाट बघितली, कुणी येऊन दार उघडेल म्हणून. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी स्पष्ट म्हटलं, "मामाजी, नऊवार होत नाही. सहा होईल. सहावर उतरवू."

"ते गोल नेसत नाई," ते म्हणाले.

खरंच होतं. सहावारी गोल साडी आत्याबाईंनी कधी अंगाला लावली नव्हती. मी नेसते त्यावर त्यांची टीका ठरलेली: "गोल नेसलेल्या बाईच्या मांगं बैल लागला तं ते पयन कशी?" कासोट्याचं लुगडं म्हणजे त्यांच्या मते बाईचे स्वतःचे पाय. सहावार कापड त्यांच्या काय कामाचं? तेवढ्यात कासोटा बसतच नाही.

शेवटच्या दिवशी मामाजींनी विणलेलं कापड हातानं मोजलं, कोपरापासून बोटापर्यंत, पुन्हा पुन्हा, जसं काही एखाद्या वेळी ते वाढेल. सहावार आणि थोडंसं वर. पुढे आत्याबाईंनी केलेला ताणा तसाच लांब राहिलेला, विणायचा. प्रदर्शनाच्या बाईंनी विनंती केली की माग आणि उरलेला ताणा इथंच राहू द्यावा, लोकांना बघायला. मामाजींनी होकाराची मान हलवली. मागाला हळदीकुंकू लावलं, नारळ मिळाला नव्हता म्हणून मूठभर तांदूळ ठेवले, आणि कापड कापलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणखी काही लोकांनी वाजवल्या. मामाजी टाळ्या संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले. मला रडू येत होतं आणि रडायला जागा नव्हती.

विमानात ते म्हणाले, "घरी सांगजो, तुयासाठी विनली."

"मामाजी..."

"सहावार आहे. तुयीच शोभते." मग नागपूरपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.  घरचं दार दिसलं तसा मीही पदर नीट घेतला.

ओसरीत बसल्या बसल्या मामाजी म्हणाले, "तिले सांग, पानी दे म्हना." आत्याबाईंनी मला सांगितलं. मी पाणी आणलं आणि जमिनीवर ठेवलं. सव्वा महिना जणू झालाच नव्हता. मला फार वाईट वाटलं, एखादं जिवाचं माणूस स्टेशनवर मागे राहून गेल्यासारखं.

आत्याबाईंनी पेटी उघडली. तळाशी साडी होती. त्यांनी ती मांडीवर घेतली, काठ उलटा केला, सुलटा केला. "हा तं माया हातचा ताना," त्या म्हणाल्या. "कोनाची?"

"तिची," मामाजी म्हणाले. "सुनंची."

सांगितल्याप्रमाणे मी हो म्हणायचं होतं. घरात सासऱ्यांसमोर तोंड उघडायची मला सवय नव्हती. पण ज्याच्या हातात धोटा दिला होता त्या माणसासमोर खोटं बोलायचीही नव्हती. मी म्हटलं, "नाही आत्याबाई. तुमच्यासाठी लुगडं लावलं होतं. नऊवारच. कमी पडलं."

मामाजी उठून परसात गेले.  आत्याबाईंनी साडीची घडी केली, कागद घातला आणि आपल्या पेटीत ठेवून दिली. मला त्या रागावल्या की काय तेही कळलं नाही. पुढे कितीतरी दिवस त्या साडीचं नाव घरात निघालं नाही. मामाजी मागावर भावाबरोबर बसायचे, मी कांड्या भरायची, आणि आत्याबाईंमार्फत सगळं सुरळीत चालायचं.

उन्हाळ्यात एकोडीला लग्न निघालं. आमच्या घरी वर्षाचा तांदूळ ज्यांच्या शेतातून येतो त्यांच्या मुलीचं. सगळ्यांनी जायचं ठरलं. निघायच्या सकाळी मी केस विंचरत होते तर आत्याबाई माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. काखेत ती साडी.

"तुमी पोरी कश्या नेसता, दाखव."

मी नेसवली. त्या खांबासारख्या ताठ उभ्या. निऱ्या घातल्या, खोचल्या, तर म्हणाल्या, "पाय कुठी गेले माये?" दोन पावलं टाकली आणि भिंत धरली. "बसमध्ये चढीन कशी वो मी?" मी म्हटलं, मी धरते. त्यांनी काठ हातात घेऊन बघितला. एका बाजूचे दाते सरळ, दुसऱ्या बाजूचे ठेंगणे-उंच. वाकड्या दात्यांवरून अंगठा फिरवत विचारलं, "हे तुये?" मी हो म्हटलं. "दिसून राहिले," त्या म्हणाल्या, आणि तोच काठ वर घेऊन त्यांनी पदर खांद्यावर टाकला.

मामाजी ओसरीत चपला घालत होते. आत्याबाई दारातून बाहेर आल्या, इवली इवली पावलं टाकत, माझ्या खांद्यावर एक हात. मामाजींचा एक पाय चपलेत, एक बाहेर, तसाच राहिला. ते बघत राहिले. आयुष्यात त्यांनी बायकोला तोंडावर चांगलं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांची नजर आत्याबाईंवरून माझ्यावर आली आणि माझ्यावर थांबली.

"बाई," ते मला म्हणाले, सगळ्या घरासमोर, "तिले सांग, चांगली दिसते म्हना."

यजमानांनी चमकून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. आत्याबाई माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे वळले आणि सांगितलं, "आत्याबाई, चांगल्या दिसता म्हणाले."

त्यांनी निऱ्या सावरल्या. मामाजींकडे बघितलं नाही.

"त्यायले सांग," त्या मला म्हणाल्या, "ऐकलं म्हना."